सहा ओळींचा तक्ता आणि चौकटींची वही

गोव्याच्या शाळांत आता कोडिंगचे तास असतात. मुले स्क्रीनवर ठोकळे जुळवतात, छोटे रोबोट चालवतात. चांगलेच आहे. पण संगणक मुळात काय करतो हे कळायला स्क्रीन लागत नाही. गणिताची चौकटींची वही, पेन्सिल, खोडरबर आणि शर्टाचे एक बटण एवढ्यावर काम भागते. १९३६ साली केंब्रिजच्या अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने ज्या निबंधात ही कल्पना मांडली, त्यातही लहान मुलाच्या गणिताच्या वहीचाच दाखला आहे.

त्याच्यासमोर प्रश्न तर्कशास्त्राचा होता. तर्काच्या भाषेतले कोणतेही विधान दिले, तर ते सिद्ध होते की नाही हे ठरवणारी एकच ठरावीक रीत असते का? जर्मन गणिती हिल्बर्ट आणि अ‍ॅकरमन यांनी १९२८ मध्ये तो नीट मांडला होता. ‘नाही’ असे उत्तर द्यायचे, तर आधी ‘रीत’ म्हणजे नेमके काय ते सांगावे लागते. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्चने त्याच सुमारास वेगळ्या वाटेने तेच उत्तर काढले. पण ट्युरिंगची वाट हाताने चालून बघता येते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

वहीतली एक आडवी ओळ ही पट्टी. तिच्या मधल्या चार चौकटींत १०११ लिहा. ० आणि १ या दोनच अंकांच्या द्विमान पद्धतीत हे आपले नेहमीचे अकरा झाले. दोन्ही बाजूंच्या चौकटी रिकाम्या ठेवा आणि बटण सर्वांत डावीकडच्या अंकावर ठेवा. इथे यंत्र म्हणजे खालच्या सहा नियमांचा तक्ता; त्याला फक्त बटणाखालची चौकट दिसते. यंत्राला या संख्येत एक मिळवायचा आहे. कोणते नियम लागू हे अवस्थेवर ठरते, आणि त्याच्या अवस्था दोनच: ‘शोध’ आणि ‘हातचा’. सुरुवात ‘शोध’ने.

शोध: ० दिसला तर तसाच ठेवून उजवीकडे.
शोध: १ दिसला तर तसाच ठेवून उजवीकडे.
शोध: रिकामी चौकट दिसली तर एक घर डावीकडे, आता ‘हातचा’.
हातचा: १ दिसला तर ० लिहून डावीकडे.
हातचा: ० दिसला तर १ लिहून थांब.
हातचा: रिकामी चौकट दिसली तर १ लिहून थांब.

आठ पावलांत पट्टीवर ११०० येते, म्हणजे १२. दर पावलाला अवस्थेचे नाव समासात लिहा. ते डोक्यात ठेवले की पाचव्या पावलाला हमखास गोंधळ होतो, कारण बटण त्याच अंकांवरून परत फिरते, पण नियम बदललेले असतात.

चुका कुठे होतात तेही बघण्यासारखे आहे. शेवटची ओळ गाळली तर १०११ व्यवस्थित चालते आणि तक्ता बरोबर वाटतो. १११ दिले की यंत्र डावीकडच्या रिकाम्या चौकटीत अडकते, तिथे काय करायचे ते कुणी सांगितलेलेच नसते. पाचव्या ओळीत ‘थांब’ऐवजी ‘डावीकडे’ लिहिले तर १२ च्या जागी १०१००, म्हणजे २० येतात. तिसऱ्या ओळीत दिशा चुकवून अवस्थाही ‘शोध’च ठेवली, तर यंत्र रिकाम्या चौकटींवरून उजवीकडे जातच राहते. मुलांना तक्ता देण्याआधी या तीन चुका मुद्दाम करून घ्याव्यात.

आता खरी गोष्ट. हा तक्ता कागदावर वेगळा का ठेवायचा? तोही पट्टीवरच लिहिता येतो. ट्युरिंगने अवस्था म्हणजे डी आणि पुढे तिच्या क्रमांकाइतके ए, चिन्ह म्हणजे डी आणि पुढे त्याच्या क्रमांकाइतके सी असे लिहिले, मग अक्षरांना अंक दिले: ए १, सी २, डी ३, डावीकडे ४, उजवीकडे ५, जागीच ६, अर्धविराम ७. रिकामी चौकट नुसता डी, ० म्हणजे डीसी, १ म्हणजे डीसीसी, आणि ‘हातचा’ ही दुसरी अवस्था धरली, तर आपली चौथी ओळ ३११३२२३२४३११७ अशी होते. नियम संख्या झाला! मग एकच यंत्र असे रचता येते की पट्टीवर कोणत्याही यंत्राचा तक्ता दिला की ते त्या यंत्रासारखे वागेल. एका यंत्रावर जमाखर्चही आणि चित्रेही, हे शक्य होते ते या पायावर.

अनेक पुस्तकांत ‘दिलेले यंत्र कधी तरी थांबेल का’ हा प्रश्न ट्युरिंगच्या तोंडी घातलेला असतो. त्याची यंत्रे मात्र अंक छापत अखंड चालण्यासाठी होती. त्याला नको होती ती मध्येच अडकणारी. प्रश्नाचे आजचे रूप नंतरचे.

विजेची बाजू अमेरिकन अभियंता क्लॉड शॅननने १९३७ च्या प्रबंधात दाखवली: एकापुढे एक जोडलेले स्विच म्हणजे ‘आणि’, समांतर जोडलेले म्हणजे ‘किंवा’. जिन्याचा दिवा वर-खाली दोन्हीकडून लागतो-विझतो, ती जोडणी म्हणजे हातचा सोडून केलेली एका अंकाची बेरीज.

या घडामोडींशी गोव्याचेही नाते आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन संगणक यंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले होते. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. ही बाजूही आपल्या मुलांना सांगायला हवी.

आज्ञा आणि आकडे एकाच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत ठेवून चाललेला पहिला प्रोग्रॅम मँचेस्टरच्या ‘बेबी’ यंत्रावर २१ जून १९४८ रोजी पूर्ण झाला. स्मृती ३२ ओळींची, दर ओळीत ३२ अंक. यंत्राचा एक रचनाकार टॉम किलबर्न याच्या १७ आज्ञांनी २६२१४४ चा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा विभाजक ५२ मिनिटांत शोधला: १३१०७२.

त्या यंत्राला फक्त वजाबाकी येत होती. वहीत संख्येतून एक वजा करूनही बघा. पहिल्या तीन ओळी त्याच, फक्त ‘हातचा’च्या जागी ‘उसना’: १ दिसला तर ० लिहून थांब, ० दिसला तर १ लिहून डावीकडे, रिकामी चौकट दिसली तर थांब. ००० दिले तर पट्टीवर १११ उरते. हे चुकीचे वाटते, पण घरे तीनच असतील तर १११ ला −१ मानता येते: त्यात १ मिळवा, तिन्ही घरांत ० येतो आणि चौथ्या घरातला हातचा गळून पडतो. ‘बेबी’मध्ये ३२ घरे भरून १ आले की तेही −१ च असते.