झोंबतंय म्हणजे काम करतंय?

"लिंबू झोंबतं म्हणजे आतली घाण निघतीय." सांगलीच्या गणपती पेठेत हळद घेताना शेजारची बाई पोरीला सांगत होती. पोरीचे गाल लालबुंद, पिंपलभोवती सालटं निघालेली.

लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या. झोंबतं ते कातडी पोळल्यामुळं. वर ऊन लागलं की काळे डाग पडतात आणि ते पिंपलपेक्षा जास्त दिवस राहतात.

घरचंच लावायचं तर कोरफड बरी. पण पान कापल्याबरोबर गर काढू नका. कापलेली बाजू खाली करून १५ मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या. खाज बहुतेक त्यानंच सुटते. मग पान धुऊन आतला पारदर्शक गरच घ्या. आधी कानामागं लावून एक दिवस थांबा. त्यात हळद चिमूटभरच, नाहीतर पिवळं तोंड घेऊन कॉलेजात जावं लागेल! खोबरेल नको, छिद्रं बुजतात.

फरक पडायला ६-८ आठवडे लागतात. गाठीसारखे, दुखणारे पिंपल असतील तर थेट त्वचेच्या डॉक्टरांकडं जा, त्यांचे खड्डे राहतात.

तुमच्याकडं लिंबाशिवाय काय काय चोळतात? टूथपेस्ट तर नाही ना?