मंडळीचा मदत निधी आणि चेंज रिपोर्टचं जंजाळ : माझा अनुभव

आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मदत निधीत पैसे होते, कुणाला द्यायचे ते ठरलं होतं, ठरावावर सह्या झाल्या होत्या, आणि तरी वर्षाचा मोठा भाग एक रुपया बाहेर पडला नाही. ते का, आणि शेवटी कसं सुटलं, हे लिहून ठेवतोय, कारण आमच्यासारख्या छोट्या मंडळ्यांमध्ये खजिनदार बदलला की हेच होतं आणि कुणी कुणाला आधी सांगत नाही.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. आमचं चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मिशनच्या काळापासूनची मराठी मंडळी, ट्रस्ट वेगळा नोंदलेला. रविवारचं अर्पण, कव्हरमधून येणारा दशमांश (प्रत्येकाच्या कमाईचा दहावा भाग) आणि हंगामाच्या सणाचा लिलाव हे उत्पन्न. मी एसटीत अकाउंटला होतो, रिटायर झाल्यावर मंडळीने खजिनदारकी गळ्यात घातली. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पहिल्याच मीटिंगला बायबलमधलं गणना 18:26 वाचून दाखवलं, देवाच्या सेवेला नेमलेल्या लेव्यांनीसुद्धा मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यायचा असतो, म्हणजे चर्चलाही आपल्या उत्पन्नातून द्यायला पाहिजे. यावर बोलायला कुणाला जागाच उरली नाही, वर्षाच्या जमेतले दहा टक्के मदत निधीत हे एकमताने झालं. भांडण झालं ते पुढे, कुणाला द्यायचे यावरून. ‘आधी घरचे बघा’ म्हणणारे एका बाजूला, तरुण संघ दुसऱ्या बाजूला. शेवटी निम्मे मंडळीतल्या विधवा, आजारी, शिकणारी मुलं यांना आणि निम्मे बाहेर, जात धर्म न विचारता, असं ठरलं. केडगावच्या मुक्ती मिशनला (पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेली संस्था) आमच्याकडून आधीपासून धान्य जातं, ते तसंच चालू ठेवलं.

लिलावाचं जरा सांगायलाच पाहिजे. ज्यांनी बघितला नाही त्यांना खरं वाटत नाही. वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, कोंबड्या, बायकांनी केलेले पापड सगळं मांडलेलं असतं आणि उपासना झाली की बोली सुरू. त्या वर्षी एक दुधी होता, साधा, हातभर लांब. एकाने पाचशेला घेतला आणि तिथेच परत दिला, ‘पुन्हा लावा’. दुसऱ्याने सातशेला घेतला, परत दिला. असा तो दुधी फिरत राहिला आणि शेवटी एका आजींनी दोनशेला घेऊन पिशवीत टाकला, म्हणाल्या आता पुरे, मला भाजी करायचीय. एका दुधीने आमच्या दोन मुलांची पुस्तकं काढली असती. असती म्हणतोय, कारण पैसे बँकेत गेले आणि तिथेच बसले.

(बोली लावणाऱ्याचं नाव आणि रक्कम तिथल्या तिथे वहीत लिहून सही घ्या. ‘नंतर देतो’वाले ख्रिसमसपर्यंत दिसत नाहीत.)

तर झालं असं. आमच्या खात्यावर सह्या तिघांच्या, त्यातल्या कुठल्याही दोन चालतात. एक जुने खजिनदार, ते गेले. दुसरे जुने सेक्रेटरी, ते मुलीकडे कॅनडाला. राहिले एकटे पाळकसाहेब, तेही बदलून आलेले नवीन, म्हणजे त्यांची सहीसुद्धा बँकेत नव्हतीच. मी नवीन कमिटीचा ठराव, आधार, पॅन, फोटो सगळं घेऊन बँकेत गेलो. टेबलावरच्या मॅडमनी फाईल उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, ‘काका, ठरावावर नाही होत. चेंज रिपोर्टची ऑर्डर आणि शेड्यूल वनची सर्टिफाइड कॉपी आणा.’ मी म्हटलं मागच्या वेळी ठरावावर झालं होतं. त्या म्हणाल्या मागच्या वेळी झालं असेल. वर ट्रस्टचं नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर रजिस्ट्रेशनही पाहिजे. ते दर्पणचं काम त्यामानाने सोपं निघालं, पदाधिकाऱ्यांचे पॅन, आधार लागतात आणि ओटीपी येतात, फक्त आमच्या नव्या सेक्रेटरींचा आधारला जोडलेला मोबाईल नंबर कुठल्यातरी जमान्यातला होता.

चेंज रिपोर्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात ट्रस्टचे विश्वस्त बदलले की 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली धर्मादाय कार्यालयाला 90 दिवसांत कळवायचं असतं. ते मान्य झालं की शेड्यूल वन नावाच्या रजिस्टरमध्ये तुमची नावं चढतात. तोवर कागदोपत्री जुनेच ट्रस्टी. चर्चमध्ये मतदान झालं, पाळकांनी प्रार्थना करून नेमलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हे सरकारला दिसत नाही.

मी शेड्यूल वनची कॉपी काढली आणि डोक्याला हात लावला. सात नावं. त्यातली चार माणसं आमच्याच दफनभूमीत, दोघांच्या दफनाला तर मी स्वतः माती टाकलेली. म्हणजे मधल्या दोन कमिट्या कागदावर कधी झाल्याच नाहीत. एका कमिटीने रिपोर्ट दाखलच केला नव्हता. दुसरीने केला होता, पण तारखेला कुणी गेलं नाही म्हणून तो गैरहजेरीत काढून टाकलेला. आता साखळी अशी की मधली कडी मान्य झाल्याशिवाय पुढची होत नाही. नवीन कमिटी ज्या कमिटीकडून चार्ज घेते ती कमिटीच रेकॉर्डवर नाही, मग तुम्ही कोण?

मग कागद गोळा करणं सुरू झालं. आमच्याकडे दफनाचं रजिस्टर आहे, पाळकांच्या सहीचं, तारीख, वय, आजार, सगळं सुवाच्य अक्षरात. ते चालत नाही. नगरपालिकेचा मृत्यू दाखलाच पाहिजे. एकांचं निधन मुंबईत झालेलं, तो दाखला त्यांच्या मुलीने व्हॉट्सअपवर पाठवला, तेही चालेना, मग पोस्टाने मागवला. एका मावशींनी ट्रंकेतून लॅमिनेट केलेला दाखला काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, ‘झेरॉक्स काढून आजच्या आज परत आण हं, पेन्शनला लागतो.’ मी तो हातात घेऊन अख्ख्या बाजारात असा चाललो जसं काही काचेचं भांडं नेतोय. जे हयात होते त्यांची संमतीपत्रं आणि अ‍ॅफिडेव्हिट. कॅनडावाल्यांचं कसं करायचं यावर वकिलांनी एक सांगितलं, धर्मादाय कार्यालयातल्या टेबलावर दुसरं सांगितलं.

वकील मात्र करा. मी आधी म्हणत होतो की व्हाउचर तपासण्यात आयुष्य गेलं, मला कशाला वकील. पण उशीर झाला की विलंब माफीचा वेगळा अर्ज लागतो, त्यात कारण नीट लिहावं लागतं, आणि ‘आम्ही विसरलो’ हे कारण नाही. आमच्या मंडळीतल्याच एका वकील ताईंनी फी न घेता केलं, पण जुन्या कमिटीच्या मिनिट्स बुकाची पानं मागून मागून मला वेडं केलं. मिनिट्स बुक वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या खोलीतल्या, कपाटात, डांबर गोळ्यांच्या वासात, टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या. देवाची कृपा म्हणजे जुन्या सेक्रेटरींचं अक्षर चांगलं आणि प्रत्येक ठरावाला सूचक, अनुमोदक लिहिलेलं. त्या एका वहीवर आमचा सगळा डोलारा उभा राहिला.

मग धर्मादाय कार्यालयातल्या तारखा. साहेब रजेवर, साहेबांकडे दुसऱ्या जिल्ह्याचा चार्ज, फाईल सापडत नाही, फाईल सापडली पण नोटीस निघाली नाही. कायद्यात तात्पुरती मान्यता देऊन हरकतींसाठी तीस दिवस ठेवायची सोय आहे, हरकत आली नाही की तीच ऑर्डर पक्की होते. आमच्यावर कोण हरकत घेणार! पण तीस दिवस मोजायला सुरुवात होईपर्यंतच जीव जातो. बाकावर शेजारी एका देवस्थानचे काका बसायचे, त्यांचंही तेच दुखणं, त्यांनी मला एक चांगली गोष्ट सांगितली की दर वेळी जे काही द्याल त्याची दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबरसकट. पुढे एकदा ‘तुमचं अ‍ॅफिडेव्हिट आलेलंच नाही’ म्हणाले तेव्हा मी ती पोच टेबलावर ठेवली. त्या दिवशी घरी येऊन दोन कप चहा प्यायलो.

या सगळ्या काळात आमच्या मंडळीतली एक मुलगी नर्सिंगला लागलेली, फी भरायची तारीख आली आणि ठराव झालेले पैसे खात्यात कुलूपबंद. तिची आई दर रविवारी उपासनेनंतर दारात उभी, काही विचारायची नाही, नुसतं ‘जयख्रिस्त’ म्हणायची, आणि मला तिच्या नजरेला नजर देता यायची नाही. शेवटी मंडळीतल्या एका भाऊंनी आपली एफडी मोडून कॉलेजच्या खात्यावर फी भरली आणि कमिटीने आधी ठराव करून ते उसने म्हणून लिहिले, खातं सुरू झाल्यावर परत केले. असं करायचं तर ठराव आधी, पैसे नंतर, आणि पावती कॉलेजची, नाहीतर ऑडिटला उत्तर देत बसाल.

त्यावरून आठवलं, पैसे शक्यतो हातात देऊ नका, कॉलेजला किंवा हॉस्पिटललाच द्या. दुसऱ्या ट्रस्टला देणगी देण्यापेक्षाही हे बरं, आमचे सीए म्हणाले 2023 च्या बजेटपासून एका ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या देणगीतले 85 टक्केच इन्कम टॅक्सवाले खर्च म्हणून धरतात. आणि हॉस्पिटलच्या बिलासाठी कुणी आलं तर चेक फाडायच्या आधी ते हॉस्पिटल धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे का ते विचारा. आपल्या राज्यात अशा मोठ्या हॉस्पिटलना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं, ते स्वतःहून सांगत नाहीत. आमच्या एका भावकीतल्या नसलेल्या, म्हणजे चर्चबाहेरच्या रिक्षावाल्या दादांचं बिल असंच निम्म्यावर आलं आणि निधीतून फक्त औषधांचे द्यावे लागले. मंडळीचे पैसे वाचवणं हेही खजिनदाराचंच काम, आणि हे मी जमवलं याचा मला अभिमान आहे, सांगून टाकतो.

देणाऱ्यांनाही एक आधीच सांगून टाका. आमच्यासारख्या धार्मिक ट्रस्टला 80जी, म्हणजे देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी मान्यता, नाही, धार्मिक खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या वर असला की मिळत नाही. मार्चमध्ये टॅक्सवाली पावती मागायला येतात आणि रुसून जातात.

ऑर्डर अखेर आली. सर्टिफाइड कॉपी घेऊन बँकेत गेलो तर त्याच मॅडम, सगळं बघितलं, म्हणाल्या ‘आता झालं काका’, आणि सह्या बदलायला जेमतेम आठवडा लागला. पहिले चेक त्याच संध्याकाळी वेस्ट्रीत बसून लिहिले.

आता पुढच्या वर्षी कमिटीची निवडणूक. ज्या दिवशी मतदान त्याच दिवशी, चहाच्या आधी, जाणाऱ्या आणि येणाऱ्या सगळ्यांची संमतीपत्रं, आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि फोटो गोळा करायचे, मिनिट्सची प्रत तिथेच सही-शिक्क्याची करायची आणि त्याच आठवड्यात रिपोर्ट दाखल. चहा झाला की माणसं पांगतात. आणि खात्यावर तीन नाही, चार सह्या ठेवा, त्यातली एक तरी चाळिशीच्या आतली.