आमची वाटचाल : ताडपत्रीच्या दुकानातून फेदर जॅकेटपर्यंत

वडिलांचं पुण्यात पेठेत ताडपत्रीचं दुकान होतं. टेम्पोचं हूड, मांडवाच्या कनाती, पावसाळ्यात गच्चीवर टाकायची कापडं, असा सगळा जाड शिलाईचा कारभार. शुक्रवारी संध्याकाळी मात्र वेगळीच गिऱ्हाइकं यायची. रात्रीच्या एसटीनं राजगड नाहीतर हरिश्चंद्रगड गाठायचा असायचा आणि सॅकचा पट्टा तुटलेला किंवा चेन गेलेली. आमचे मास्तर ताडपत्रीच्या मशीनवर नायलॉनची पट्टी डबल मारून द्यायचे. तो पट्टा पुन्हा कधी तुटायचा नाही. त्यामुळे ही मुलं आपल्या मित्रांना घेऊन यायची.

1998 मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. सह्याद्रीत फिरणाऱ्या मुलामुलींना हिमालय आपल्या आवाक्यातला वाटायला लागला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, मनालीला, दार्जिलिंगला बेसिक कोर्स करून आलेली मंडळी दुकानात दिसायला लागली. त्यांच्याकडचं सामान वेगळं असायचं. काठमांडूच्या थामेल बाजारातून घेतलेली, पिसं भरलेली फेदर जॅकेटं, कुणीतरी मोहिमेवरून परतताना विकलेल्या स्लीपिंग बॅगा, क्रॅम्पॉनचा, म्हणजे बर्फात चालायला बुटाखाली बांधायच्या लोखंडी पट्टीचा, दात लागून फाटलेले गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत घालायची कापडी गवसणी). दुरुस्तीसाठी आलेली बॅग उसवली की आत काय आहे ते दिसायचं. मी आणि धाकट्या भावानं हा धंदा असाच, उसवलेल्या कपड्यांवरून शिकला.

स्वस्तातल्या बॅगेत वरचं आणि आतलं कापड एकत्र धरून आरपार शिलाई मारलेली असते. जिथे शिलाई, तिथे भरणा शून्य, आणि थंडी नेमकी त्याच रेषेतून आत येते. चांगल्या बॅगेत दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या भिंती असतात, त्यामुळे शिलाईवरही फुगवटा टिकतो. चेनच्या मागे भरलेली नळी, मानेशी भरलेली कॉलर. बाहेरून दोन्ही बॅगा सारख्याच दिसतात. म्हणून कुणी आमच्याकडे बॅग घ्यायला आलं, तर आम्ही आधी एक अर्धी कापलेली बॅग समोर ठेवतो.

ऊब देते ती पिसांत अडकलेली हवा. बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडचं मऊ डाउन जितकं फुलेल, तितकी हवा जास्त. एक औंस डाउन किती घनइंच जागा व्यापतं, तो त्याचा फिल पॉवर. 550 म्हणजे कामचलाऊ, 800 म्हणजे उत्तम. सुरुवातीच्या वर्षांत एका पुरवठादारानं पाकिटावर मोठा आकडा छापून आत काड्यांची पिसं भरून दिली होती. काड्या कापडातून टोचून बाहेर यायच्या. तेव्हापासून प्रत्येक लॉट आम्ही स्वतः तपासतो. ठरावीक वजनाचं डाउन काचेच्या नळकांड्यात टाकायचं, वर हलकी चकती ठेवायची आणि ते किती फुलतंय ते बघायचं. जे फुलत नाही, ते परत जातं.

भरण्याचं काम मावशी करतात. छोटी बंद खोली, पंखा नाही, कारण जराशा वाऱ्यानंही डाउन उडतं. सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर प्रत्येक कप्प्याचं वजन होतं. पायाकडच्या कप्प्यात जास्त, कारण उंचावर पाय आधी गारठतात. मग मास्तर बारीक सुईनं तोंड बंद करतात. ताडपत्रीवर हयात घालवलेल्या माणसाला पातळ ताग्यावर बारीक सुई चालवायची सवय व्हायला वेळ लागला, पण आज त्यांच्या शिलाईतून पीस बाहेर येत नाही. पावसाळ्यात ही खोली आम्ही बंदच ठेवतो. दमट हवेत डाउनच्या गुठळ्या होतात. त्या चार महिन्यांत सॅक, रेनकव्हर, गेटर्स आणि दुरुस्ती.

मी लडाखमध्ये झंस्करला चादर ट्रेकला गेले, तेव्हा आमच्या डिझाइनमध्ये सगळ्यात जास्त फरक पडला. गोठलेल्या नदीवरून चालायचं, रात्री पारा उणे 25 च्याही खाली. तिथले पोर्टर गमबूट घालून बर्फावरून ओझं ओढत नेतात आणि रात्री कपारीत शेकोटी पेटवून झोपतात. एका पोर्टरदादांना जाड हातमोजे घालून जॅकेटची चेन लावायची होती. चेनचा तो नखाएवढा पत्रा काही हाती येईना. मोजा काढला, चेन लावली, पुन्हा मोजा घातला, तेवढ्यात बोटं बधिर. परत आल्यावर आमच्या प्रत्येक चेनला बोटभर दोरीचा फासा आला, आणि जॅकेटच्या आतून, अंगाला लागून, पाण्याची बाटली आणि बॅटरी मावेल असा खिसा आला. बाहेरच्या खिशात पाणी गोठतं आणि बॅटरी मान टाकते.

दुसरा बदल लांबीचा. परदेशी बॅगा सहा फुटी माणसाच्या मापाच्या. पाच फूट दोन इंचांची आपली मुलगी त्यात झोपली की पायाशी वीतभराहून जास्त पोकळी उरते आणि रात्रभर तिचं शरीर ती रिकामी हवा तापवत बसतं. आम्ही आखूड मापाची बॅग काढली, तीच आज सगळ्यात जास्त जाते. बॅगेवरचे तापमानाचे आकडेही मी मुलींना आवर्जून समजावते. आंतरराष्ट्रीय मानकात कम्फर्टचा आकडा सर्वसाधारण बाईच्या हिशेबानं काढतात, लिमिटचा पुरुषाच्या, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचण्यापुरता. दुकानात ठळक अक्षरांत तो तिसराच आकडा दाखवून बॅग विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो. उणे 15 वाचून मुलगी उत्तराखंडात केदारकंठ्याला डिसेंबरात जाते आणि रात्रभर कुडकुडते.

2020 च्या लॉकडाउनमध्ये ट्रेक बंद पडले. मास्क शिवले, बँकेचा हप्ता भरला, एकाही माणसाला कामावरून कमी केलं नाही. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

दुरुस्तीचं टेबल मात्र कधी बंद केलं नाही, आणि आमच्या धंद्याचा कणा तोच आहे असं मी मानते. नवीन बॅग विकली की गिऱ्हाईक जातं, दुरुस्त करून दिली की वर्षानुवर्षं येत राहतं. चांगलं फेदर जॅकेट वीस वर्षं सहज टिकतं, फक्त ते नीट ठेवायला हवं. आमच्याकडे येणारा बराचसा माल पहाडात खराब झालेलाच नसतो, तो घरच्या कपाटात मरतो. पिशवीत कोंबून, पावसाळाभर माळ्यावर. म्हणून प्रत्येक बॅगेबरोबर आम्ही एक मोठी सुती खोळ फुकट देतो. बॅग त्या खोळीत सैल ठेवा, श्रावणात ऊन पडलं की बाहेर काढून फुलवा. धुवायची तर डाउनच्या साबणानं, आणि आत एक जरी गुठळी उरली असेल, तोवर ती वाळली असं समजू नका.

आठ हजार मीटरवर घालायचा डाउन सूट आम्ही शिवत नाही. तिथे चूक जिवावर बेतते आणि तेवढी चाचणी करायची सोय आमच्याकडे नाही. अशा मोहिमेचे लोक आले तर त्यांना तसं स्पष्ट सांगतो आणि त्यांच्या सॅक, गेटर्स, किटबॅगा आनंदानं करून देतो. सध्या मावशींच्या हाताखाली दोन मुली भरण्याचं काम शिकताहेत, आणि मास्तरांचा नातू सुट्टीच्या दिवशी मशीनवर बसतो. यंदा पोर्टरांसाठी वेगळं, सिंथेटिक भरण्याचं जॅकेट काढतोय. ओझं वाहताना घाम येतो, डाउन भिजलं की चपटं पडतं, सिंथेटिक ओलं असतानाही बऱ्यापैकी ऊब धरतं. पहिले काही नग लडाखला पाठवले आहेत. तिथून खांद्याच्या शिलाईबद्दल तक्रार आली आहे, पट्टा घासून दोरा तुटतोय. शिलाई खांद्यावरून पुढे छातीकडे सरकवून नवा नमुना या आठवड्यात पाठवतोय.