हायडेलबर्गचे डॉक्सिसायक्लिन

मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले की लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी जे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, तेच येथे जर्मनीत हायडेलबर्गला आम्ही पेशींतील जनुके चालू करण्यासाठी वापरतो. या पद्धतीचा उगमही याच गावातील विद्यापीठात झाला.

जनुकाचे वाचन कोठून आणि किती व्हावे हे ठरवणारा डीएनएचा भाग म्हणजे प्रमोटर. सस्तन प्राण्यांच्या पेशींत हवे तेव्हा चालू करता येणारे प्रमोटर पूर्वीही होते. परंतु ते उष्णता, जड धातू किंवा स्टिरॉइड यांवर चालत, आणि त्यांमुळे पेशीतील इतर अनेक जनुकेही ढवळून निघत असल्याने दिसलेला परिणाम नेमका कशाचा, हे सांगणे कठीण होई. मानफ्रेड गोसेन आणि हेरमान बुयार्ड यांनी १९९२ मध्ये ई. कोलाय या जिवाणूतील टेट रिप्रेसर हे डीएनएवर बसून जनुक दाबून ठेवणारे प्रथिन घेतले, त्याला हर्पीस विषाणूच्या प्रथिनाचा जनुक चेतवणारा तुकडा जोडला आणि हे प्रथिन जेथे बसते तो डीएनएचा क्रम एका दुबळ्या प्रमोटरपुढे सात वेळा ठेवला. टेट्रासायक्लिन (डॉक्सिसायक्लिन याच गटातले) दिले की हे प्रथिन डीएनएवरून सुटे आणि जनुक बंद होई. पुढे १९९५ मध्ये त्यातील चार अमिनो आम्ले बदलून उलट वागणारे रूप मिळाले: डॉक्सिसायक्लिन दिले तरच जनुक चालू.

माझ्या मते यातील खरी कसोटी जनुक पूर्ण बंद ठेवण्याची आहे. सुरुवातीचे उलटे रूप औषधाविनाही डीएनएला थोडेफार चिकटत असे. नंतरच्या आवृत्त्यांत हा दोष बराच कमी झाला. तरीही प्रमोटर गुणसूत्रात कोठे जाऊन बसतो, यावर गळती, म्हणजे औषध नसतानाही जनुक थोडेफार चालू राहणे, अवलंबून असतेच. प्रथिन पेशीला मारक असेल, तर गळणाऱ्या पेशी मरतात, ज्यांत ते जनुक निकामी झाले आहे त्याच वाढत राहतात, आणि उरलेल्या पेशी निरोगी दिसत असल्या तरी प्रयोगाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात. गळतीचे आणखी एक कारण गोठ्यातून येते: गुरांना टेट्रासायक्लिन दिलेले असेल, तर पेशी वाढवण्यासाठी माध्यमात घातलेल्या वासराच्या रक्तद्रवातून ते पेशींपर्यंत पोहोचते, म्हणून टेट्रासायक्लिनमुक्त रक्तद्रव वेगळा घ्यावा लागतो.

औषधही अगदी तटस्थ नाही. जिवाणूंच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला, रोखणारे डॉक्सिसायक्लिन पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील प्रथिननिर्मितीही मंदावते; त्यामुळे ज्या पेशींत आपले जनुक घातलेलेच नाही, त्यांनाही तेवढीच मात्रा देऊन तुलना करावी लागते.