पिक पडलं भोकात

काल दुपारी भाचीची गिटार मांडीवर घेतली आणि दुसऱ्याच मिनिटाला पिक, म्हणजे तारा छेडायची ती छोटी चकती, बोटांतून निसटून भोकात. मग गिटार डोक्यावर उलटी धरून खुळखुळ्यासारखी हलवणं आलं. पिक आत इकडून तिकडे पळतं, खुडबुडतं, बाहेर मात्र येत नाही. "मामा, आत्तापर्यंतचं हेच तेवढं तालात होतं," भाची म्हणाली.

मोबाइलचा टॉर्च मारून आत डोकावलो. वरच्या फळीला आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या, मोठ्ठी फुली मारल्यासारख्या. सहा पोलादी तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या घरात, म्हणजे फळीवरच्या ज्या पट्टीला तारा अडकवतात, त्या घोडीला मीच लोंबकळतोय म्हणा ना. आणि फळी जेमतेम ३ मिलिमीटर! फुली नसती तर कधीच फुगून वर आली असती.

आवाज भोकातून येतो, असं मला कॉलेजपर्यंत वाटायचं. भोक खालच्या सुरांना हात देतं, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसं. पण खरी मेहनत फळीची. बारीक तार हवेतून नुसती सटकते, तिच्याच्यानं हवा ढकलली जात नाही. ती घोडीला हलवते, घोडी फळीला, आणि मग फळी हवेला.

खरं तर हे सहावीतच कळायला हवं होतं. कंपासपेटीवर रबरबँड ताणून आम्ही छेडत बसायचो. तोच रबर दोन बोटांत धरला तर पुटपुटायचा, पत्र्याच्या पेटीवर चढवला की थेट सरांच्या टेबलापर्यंत पोचायचा. पेटीत कर्कटक राहिलं असेल तर वर झिणझिणही मिळायची. (मग छडीही.)

तशी झिणझिण पुढे आत्याच्या मिरजेच्या तंबोऱ्यात भेटली. तार आणि घोडीच्या मधला सुती दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत आत्या जवारी, म्हणजे हीच झिणझिण, खुलवायची. तेव्हा घरात कुणी भांडं आपटायचं नाही. मी भोपळ्याला कान लावून बसायचो. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून मध्येच गांधार, म्हणजे 'ग', उमटायचा. चारही तारांत कुणीच गांधाराची नव्हती. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "ऐकू आला ना? मग गप्प बस."

पिकसाठी मी पुन्हा गिटार उचलली.

"राहू दे मामा," भाची म्हणाली, "आत आधीची तीन आहेत."