एवढ्या जाड टायरला परत शॉकअप कशाला?

रंकाळ्यावर फॅट बाईक, म्हणजे चार इंची जाड टायरची सायकल, उभी केली की कोणतरी येऊन टायर दाबून बघणारच. पहिला प्रश्न "भावा, बॅटरीवरची काय ही?", दुसरा किमतीचा, आणि ज्याला सायकलीतलं थोडंफार कळतं तो तिसरा विचारतो, की चार इंची टायर असताना पुढं-मागं शॉकअप कशाला घातलेत, उगा वजन. पहिल्या दोनाला मी काहीतरी सांगून निसटतो, पण तिसरा प्रश्न खरंच चांगला आहे म्हणून आज त्याच्यावरच लिहितोय.

फॅट बाईक मुळात बर्फ आणि वाळूसाठीची. २००५ ला सर्ली कंपनीची पग्सली आली, पावणेचार इंचाच्या आसपासचे टायर, शॉकअप कुठंच नाही, आणि लागणार तरी कशाला, खाली सगळं मऊच. मग लोकांनी ह्या सायकली दगडधोंड्यात घातल्या आणि तिथं खरी गंमत कळली. २०१४ मध्ये रॉकशॉक्स कंपनीनं खास फॅट टायरसाठी ब्लूटो नावाचा फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप, काढला आणि त्याच साली साल्सा कंपनीनं बकसॉ ही सायकल दाखवली, ३.८ इंची टायर आणि दोन्हीकडं १०० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होतं.

तर गंमत अशी, की टायरात हवा असते, तेल नसतं. ८ psi हवेच्या दाबावर टायर बारीक खडे, मुळं, खाचा सगळं गिळतो, पण जेवढं दाबलं जातं तेवढं तो लगेच परत फेकतो. हळू जाताना हे जाणवतच नाही, उलट लई भारी वाटतं. पण उतारावर वेग धरला आणि एकामागोमाग एक दगड आले की सायकल टप्पे खायला लागते, प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा मोठा, आणि ब्रेक दाबावा तर चाक जमिनीवर नाहीच. शॉकमध्ये तेल बारीक भोकातनं जातं, धक्क्याची ताकद तिथं उष्णता होऊन जिरते, म्हणून तो परत उसळत नाही. म्हणजे बारीकसारीक टायरनं बघायचं आणि मोठं शॉकनं. टायरच शॉकअप आहे म्हणणाऱ्यांनी एकदा वेगात उतरून बघावं.

आपल्याकडं हे सगळ्यात चांगलं कळतं ते मसाई पठारावर. पन्हाळ्याच्या पश्चिमेला, पावनखिंडीची वाट जिथनं जाते तिथं. सगळा जांभा. जवळनं बघितलं तर दगड नुसता भोकाभोकाचा, मूठ जाईल एवढे खळगे, मध्येच वीतभर उंचीची कड, आणि कडा अशा की हात टेकला तर सालटं निघतं. बारीक टायर खळग्यात अडकतो किंवा कडेवर आपटून रिम वाजतो. फॅट टायर मात्र त्या भोकांवर पसरून बसतो, चढावर उभं राहून पायडल मारलं तरी मागचं चाक घसरत नाही. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरलं की मात्र कसलाही टायर घाला, उतरून ढकलायचं. आणि पठार संवर्धन राखीव आहे, फुलांच्या दिवसात तर पायवाटेच्या बाहेर चाक नकोच, चार इंची टायर गेल्यावर तिथं पट्टाच पडतो.

सेटिंगमध्ये निम्म्याहून जास्त खेळ हवेचा. दुकानातल्या पंपाचा काटा १६० पर्यंतचा असतो, त्यावर ८ आणि ११ मधला फरक दिसणार कसा? आणि इथं एका psi नं सायकल बदलते, कारण १० मधला १ म्हणजे सरळ दहा टक्के. त्यामुळं कमी प्रेशरचा वेगळा गेज पहिला घ्या, बाकीचे नखरे नंतर. हवा फार कमी केली तर डांबरावर हॅंडल आपोआप एका बाजूला ओढतं, जास्त ठेवली तर मघाचे टप्पे सुरू. शॉकला पंचवीस ते तीस टक्के सॅग द्यायचा, म्हणजे नुसतं बसल्यावर आपल्या वजनानं तो तेवढा दबला पाहिजे, आणि रिबाउंड, म्हणजे दबून परत वर यायचा वेग, बारीक टायरच्या सायकलीपेक्षा थोडा हळू ठेवायचा, कारण टायर स्वतःच वर ढकलत असतो. ट्यूबलेस तर कराच, बांधाबांधानं बाभळीचे काटे आहेत, भोक बुजवणारं सीलंट आत नसेल तर निम्मा वेळ पंक्चर काढण्यात.

आता वाईट बाजू. कोल्हापूर ते पन्हाळा वीसेक किलोमीटर, सगळी डांबरी आणि शेवटी घाट, तिथं ही सायकल जीव काढते. टायर घोंघावतात, बाजूनं रोडबाईकवाला "काय, चिखल शोधताय व्हय?" म्हणून पुढं. ऊसतोडीच्या दिवसात ओली काळी माती तर टायर आणि स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या सांगाड्याच्या, मध्ये अशी बसते की चाक फिरायचंच बंद.

आणि बाजारात स्वस्तात डबल शॉकअप फॅट म्हणून मिळतात त्या घेऊ नका राव. मागं नुसती स्प्रिंग, आत तेलबिल काही नाही, म्हणजे उसळणाऱ्या टायरवर उसळणारी स्प्रिंग. त्यापेक्षा त्याच पैशात साधी हार्डटेल, म्हणजे मागं शॉकअप नसलेली, बरी. खरं सांगायचं तर आपल्या भागात बहुतेकांना २.८ ते ३ इंचाचा प्लस टायर आणि फक्त पुढं चांगला फोर्क एवढं बास आहे. पूर्ण फॅट आणि फुल सस्पेन्शन हा जांभ्याचा नाद असणाऱ्यांचा विषय.

पार्टची बोंबच आहे. मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १९७ मिमीचा, तो इथं कुणाकडं तयार मिळत नाही, मागवायचा आणि वाट बघत बसायचं. पण पिव्हटचे, म्हणजे मागचा सांगाडा हलतो त्या सांध्यांचे, बेअरिंग बऱ्याचदा साधे मेट्रिकच असतात, जसं ६९०२, आतनं १५, बाहेरनं २८, रुंदी ७, ते बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की मिळतात. आणि शॉकच्या डोळ्यातला, म्हणजे बोल्टच्या भोकातला, बुश झिजला तर कोल्हापूरचं लेथ-कारखान्यांचं उद्यमनगर आहेच. मी जुना बुश घेऊन लेथवाल्या मामांकडं गेलो, त्यांनी कॅलिपर लावला, उजेडाकडं धरून बघितला, चहा संपायच्या आत नवीन पाडून दिला, मूळ बुशपेक्षा घट्ट बसला. वर विचारतात, "गावात अशा किती सायकली हायत? दहा-वीस पाडून ठेवू काय?" म्हटलं मामा, सध्या दोनच पाडा, दोन्ही मलाच लागतील.