चादरी मोजायची वही

सप्टेंबर २०२० मध्ये मला कोविड झाला तेव्हा मी रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला होतो. वॉर्डातल्या मळक्या चादरी उचलायच्या, मोजायच्या, मशीनला लावायच्या. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढून घरी आलो, तर ऑफिसने सगळे दिवस साध्या आजारी रजेत टाकलेले. रजा संपल्यावर बिनपगारी. याची नुकसानभरपाई मागता येते हे एका नर्सताईंनी सांगितलं, तोवर दोन महिने उलटले होते. आजार कामावरून आलाय अशी शंका आली त्याच दिवशी लेखी कळवायला हवं होतं. उशीर का झाला, हे नंतर तीनदा लिहून द्यावं लागलं.

दावा फेटाळला. कारण एका ओळीचं: संसर्ग कामाच्या ठिकाणीच झाला याचा पुरावा नाही. डॉक्टर आणि नर्सना लागण ड्युटीवरच झाली असं धरून चालत होते; धुलाईवाले त्या यादीत नव्हते. तुम्ही रुग्णाजवळ जाता कुठे, म्हणे. त्याच रुग्णांच्या अंगाखालच्या चादरी मी कवेत धरून नेत होतो!

आता विषाणू कुठे चिकटला याची पावती कोण देणार? युनियनमधल्या एका ताईंनी डोकं ठिकाणावर आणलं. शंभर टक्के सिद्ध करायचं नसतं, बाहेरपेक्षा कामावर लागण होण्याची शक्यता जास्त होती एवढं दाखवायचं. तेव्हाच्या कोविडची लक्षणं बहुधा पाच-सहा दिवसांत दिसायची, फार तर चौदा. म्हणून ताप आला त्या दिवसापासून चौदा दिवस मागे मोजले आणि एकेक तारीख लिहून काढली. काम आणि घर, तिसरं काही नाही. घरच्या तिघांचे त्याच आठवड्यातले आरटी-पीसीआर रिपोर्ट निगेटिव्ह होते, तेही जोडले.

पण खरी कामाला आली ती चादरी मोजायची वही. कुठल्या वॉर्डातून किती चादरी, कोणी उचलल्या, खाली सही. रोज सही करताना मी वैतागायचो. वहीची नक्कल लेखी मागितली. टाळाटाळ झाली, शेवटी सुनावणीत हजर करावी लागली. त्या चौदा दिवसांत कोविड वॉर्डासमोर नऊ वेळा माझी सही होती.

डॉक्टरांच्या पहिल्या पत्रात ‘संसर्ग कामावरून झालेला असू शकतो’ असं होतं. त्या ‘असू शकतो’वर समोरचे वकील अर्धा तास बोलले. मग वही आणि तारखांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला. दुसऱ्या पत्रात त्यांनी ‘शक्यता जास्त आहे’ असं लिहिलं आणि का, तेही लिहिलं.

अपिलात दावा मंजूर झाला. बुडालेला पगार आणि उपचाराचा खर्च मिळाला. जिना चढताना मात्र अजून धाप लागते. कायमचं अपंगत्व किती, याचं मूल्यमापन वेगळं होतं. फुप्फुसांच्या तपासणीचे कागद दिलेत, तारीख पडायची आहे.